चिंधीवर काय आलं

२०२४ चा जून. लोकसभेची आचारसंहिता उठली आणि मी ठाण्यात जाऊन अण्णांचं, म्हणजे माझ्या वडिलांचं, रिव्हॉल्वर परत आणलं. निवडणुकीसाठी मार्चमध्ये ते जमा केलं तेव्हा ऊन नुकतं तापायला लागलं होतं. परत मिळालं तोवर मृगाचे दोन पाऊस होऊन गेले होते. पावती दाखवली, नंबर जुळवला, रजिस्टरमध्ये सही केली आणि घरी आले.

आमचा आखाडा, म्हणजे शेतातलं घर, जिंतूर तालुक्यात, येलदरीच्या अलीकडे. ओसरीवर उजेड चांगला येतो. सालगड्याच्या दोन्ही लेकरांना माझ्या आईजवळ आत बसवलं, दार लोटलं आणि रिव्हॉल्वर उघडलं. कानपूरच्या कारखान्याचं पॉइंट ३२ बोअरचं हे रिव्हॉल्वर मधून मोडतं. खटका दाबून नळी खाली वाकवली की सिलिंडरची सहाही घरं समोर येतात. डोळ्यांनी बघितली, मग एकेका घरावर करंगळी फिरवली. सहाही रिकामी. काडतुसांचा डबा कपाटात, वेगळ्या कुलपात. एवढं झाल्यावर नळीत उजेड पाडून पाहिलं. आटे, म्हणजे नळीच्या आतल्या पीळदार खाचा, चमकायला हवेत, तिथं तांबूस ठिपके होते आणि त्यांच्या खाली काळपट ओघळ. तीन इंचांची नळी, पण मला ती पडक्या विहिरीसारखी दिसली.

अण्णा मराठा लाइट इन्फंट्रीत होते. निवृत्तीनंतर गावाकडं आले, शेती केली, परवाना काढून हे घेतलं. २०१९ मध्ये ते गेले. भाऊ पुण्यात, त्याला नको होतं. मी आणि आई आखाड्यावर राहतो, म्हणून वारस म्हणून मी अर्ज केला, प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र घेतलं आणि परवाना माझ्या नावावर झाला. नोकरी मी परभणीत एका कॉलेजात करते, रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत सहायक म्हणून. बाटल्या, ब्युरेट आणि मुलांच्या चुका यांच्यात तीसहून जास्त वर्षं गेली. त्यामुळे गंजलेली नळी बघितल्यावर माझ्या मनात पहिला प्रश्न आला तो घासायचं कशानं हा नव्हता. यात नेमकं आहे काय, हा होता.

दुसऱ्या दिवशी चुलतभाऊ आला. विजेच्या मोटारी भरायचं दुकान आहे त्याचं. माझ्याकडून ऐकून म्हणाला, "अक्का, इकडं आण ना. ड्रिलला तारेचा ब्रश लावतो, पाच मिनिटांत चकाचक करतो." प्रेमानं म्हणाला, मला ठाऊक आहे. पण मी त्याला हात लावू दिला नाही. एक तर कायदा. १९५९ च्या शस्त्र कायद्यात शस्त्र दुरुस्त करायलाही परवाना लागतो आणि ज्याच्याकडे परवाना नाही त्याच्या हाती रिव्हॉल्वर देऊन आपण निघून जाऊ शकत नाही. दुसरं म्हणजे नळीतले आटे. गोळीला पीळ देणाऱ्या या खाचा अतिशय उथळ असतात, हाताच्या बोटाला त्यांची खोली जेमतेम जाणवावी इतक्या. पोलादी तारेचा ब्रश ड्रिलवर फिरला की तो गंज आणि आटे यांत फरक करत नाही. एमरी पेपर, पॉलिश पेपर, वीटकर, राख, भांडी घासायची स्टीलची घासणी यांचंही तेच. गंज परत घासता येतो, गेलेलं पोलाद परत येत नाही.

रासायनिक मार्गही त्यानं सुचवला. दुकानात लोखंडाचा गंज काढायचं एक ॲसिड आहे म्हणे. त्यावर मला माझीच एक जुनी गोष्ट सांगावी लागली.

मी अकरावी-बारावीत होते. अण्णा एका लग्नाला गेले होते. रिव्हॉल्वरच्या तोंडाशी गंजाचा एक ठिपका मला दिसला. आई तांब्याची घागर चिंचेनं घासते आणि घागर सोन्यासारखी निघते, हे रोज बघत होते. मी चिंचेचा कोळ आणि मीठ घेऊन तो ठिपका घासला. ठिपका गेला, आणि त्याच्याबरोबर निळसर काळी झिलईही गेली. ती झिलई म्हणजे पोलादावर मुद्दाम चढवलेला लोखंडाच्या काळ्या ऑक्साइडचा थर. आम्लाला गंज आणि तो थर सारखेच. वर मी मीठ वापरलं होतं. आठवड्यात त्या उघड्या पोलादावर नारिंगी गंज फुलला. कुलूपबंद वस्तू मी न विचारता काढली याचा अण्णांना जास्त राग आला आणि तो रास्त होता. रागावून झाल्यावर त्यांनी मला शेजारी बसवलं आणि पहिल्यांदा नळी साफ करायला शिकवलं. तोंडाजवळचा तो रुपयाएवढा पांढुरका डाग अजून आहे. चिंच, लिंबू, व्हिनेगर, संडास धुवायचं ॲसिड, यातलं काहीही नळीच्या आसपास आणू नका असं मी म्हणते तेव्हा त्या डागावर बोट ठेवून म्हणते.

अण्णांची पद्धत फौजेतली होती. थ्री-नॉट-थ्री रायफलच्या काळातली. फुलथ्रू म्हणजे एका टोकाला पितळी वजन असलेली दोरी, तिच्या घरात चार इंच बाय दोन इंचांची चिंधी. तेल लावायची चिंधी थोडी अरुंद, चार बाय दीड. एनसीसीत गेलेल्यांना ही मापं आजही पाठ असतील. मागून वजन टाकायचं, तोंडाकडून ओढायचं. "दोरी सरळ ओढ माय, तिरकी काहून ओढायलीस?" हे त्यांचं वाक्य माझ्या कानात आहे. तेव्हा वाटायचं, मऊ सुताच्या दोरीनं पोलादाला काय होणार. पण दोरीला धूळ चिकटते, आणि आपल्याकडची धूळ म्हणजे वाळूचे बारीक कण. तिरकी दोरी वर्षानुवर्षं तोंडाच्या एकाच कडेवरून घासत गेली तर तिथं खाच पडते. जुन्या रायफलींमध्ये दोरीनं झिजलेलं तोंड हा आर्मररना, म्हणजे फौजेतल्या शस्त्र-कारागिरांना, माहीत असलेला दोष होता. गोळी नळी सोडते त्या शेवटच्या क्षणी तिच्यामागचा वायू सगळीकडून सारखा सुटला पाहिजे. कडेला एका बाजूला खाच असली की गोळी ढळते. म्हणून नळीचं तोंड हा सगळ्यात जपायचा भाग.

आमच्या रिव्हॉल्वरला फुलथ्रू फार सोयीचा पडतो. उघडून धरलं की सिलिंडरच्या एका घरातून वजन टाकता येतं, ते नळीतून तोंडाकडे बाहेर येतं. ब्रश लावायचा गज मात्र मागून घालायला सिलिंडर उतरवावं लागतं आणि ते मी करत नाही. त्यामुळे ब्रश वापरायचा तर गज तोंडाकडून जाणार, आणि कडेला घासण्याची भीती. यावर माझा उपाय प्रयोगशाळेतला आहे. रबरी बुचाला बूच-भोकणीनं गजाच्या जाडीचं नेमकं भोक पाडलं. बूच नळीच्या तोंडावर बसतं, गज त्यातून बरोबर मधोमध जातो. बाजारात यासाठी प्लास्टिकचे गाइड मिळतात, पण माझं बूच चार वर्षं झाली, चांगलं चाललंय. गज पितळेचा. पोलादी गज वाकला तर आट्यांवर टेकतो.

आता मळाकडे येते. नळीत चार-पाच प्रकारचा मळ असतो आणि प्रत्येकाचं औषध वेगळं. एकाचं औषध दुसऱ्याला चालत नाही, आणि सगळा गोंधळ इथंच होतो.

त्या जूनमध्ये मी पहिली चिंधी कोरडी ओढली. काळी राळ आणि तांबूस पूड. दुसरी चिंधी शुद्ध पाण्यानं ओलसर केली, चिमट्यानं धरून, हात न लावता, आणि काचेच्या छोट्या बाटलीत बंद केली. तिसरी तशीच ओलसर चिंधी नळीत न घालताच दुसऱ्या बाटलीत. कॉलेजात विभागप्रमुखांना विचारून दोन्हींचं पाणी परीक्षानळीत घेतलं, सौम्य नायट्रिक आम्ल, मग सिल्व्हर नायट्रेटचे दोन थेंब. कोऱ्या चिंधीचं पाणी तसंच राहिलं. नळीतल्या चिंधीच्या पाण्यात पांढरा, दह्यासारखा साका पडला. अमोनिया टाकल्यावर विरघळला. क्लोराइड, म्हणजे मिठाचा अंश. बारावीची मुलं दर वर्षी करतात ती चाचणी, आणि मी ती माझ्या बापाच्या वस्तूवर करत होते. हात थरथरत होते.

नळीत मीठ आलं कुठून? याचं एक जुनं आणि प्रसिद्ध उत्तर आहे. पूर्वीच्या काडतुसांच्या टोपीत, म्हणजे घोडा जिथं आपटतो त्या प्रायमरमध्ये, पोटॅशियम क्लोरेट असायचं. ते जळून पोटॅशियम क्लोराइड उरतं. आपल्या खायच्या मिठाचं सख्खं भावंड. ते नळीत बसतं, हवेतला ओलावा ओढतं आणि पोलाद खातं. अण्णांनी ठेवलेली काही काडतुसं फार जुनी होती, डब्यावरची अक्षरं पुसलेली. परवान्यासाठी सराव करताना त्यातलीच काही मी वापरली होती. तेव्हा नळी तेलानं साफ केली आणि झालं असं समजले. ती चूक माझीच. तेलात मीठ विरघळत नाही. रॉकेलमध्ये नाही, पेट्रोलमध्ये नाही. वरून तेलाचा थर बसला तरी खाली मीठ आपलं काम करत राहतं, आणि पावसाळी हवा लागली की वेगानं. अण्णा सांगायचे, थ्री-नॉट-थ्रीच्या नळीत फनेलनं उकळतं पाणी ओतायचे. मला ती फौजेची काहीतरी कडक शिस्त वाटायची. तो मीठ धुण्याचा उपाय होता, आणि उकळतं अशासाठी की पोलाद तापून उरलेलं पाणी आपोआप सुकावं.

रिव्हॉल्वरमध्ये मी पाणी ओतत नाही. घोड्याची आणि खटक्याची यंत्रणा शेजारीच असते, तिथं पाणी शिरलं तर नवा गंज. कोमट शुद्ध पाण्यानं ओलसर केलेल्या आठ-दहा चिंध्या ओढते, रिव्हॉल्वरचं तोंड खाली ठेवून. साधं बोअरचं पाणी नको, आमच्या बोअरचं पाणी खारं आहे, भांड्यावर पांढरा थर धरतं. पंपावर बॅटरीत टाकायचं शुद्ध पाणी मिळतं ते आणते. लेबल नीट वाचून आणते, कारण शेजारीच बॅटरीचं ॲसिडही ठेवलेलं असतं. पाण्यानंतर लगेच कोरड्या चिंध्या, त्या कोरड्या निघेपर्यंत. मग थोडी ऊब आणि ताबडतोब तेल. पाणी आणि तेल यांच्यामध्ये चहा प्यायला उठू नये. चार दिवसांनी पुन्हा चिंधी तपासली. साका पडला नाही.

नवी काडतुसं बहुतेक या दोषापासून मुक्त असतात. त्यांच्या टोपीत लेड स्टिफनेट असतं, म्हणजे शिसं. मिठाचा त्रास गेला, शिशाचा आला. आणि हा त्रास नळीला कमी, आपल्याला जास्त.

शिशाबद्दल मला थांबून बोलायचंय. लोकांना वाटतं, गोळी शिशाची नसली, तांब्याचं कवच असलं, की शिसं नाही. पण टोपीतलं शिसं धुराबरोबर नळीत, सिलिंडरमध्ये, चौकटीवर बारीक पूड होऊन बसतं. चिंधीवर येणारी ती काळी राळ निव्वळ काजळी नसते. मीठ तपासलं त्याच आठवड्यात मी काळ्या चिंधीचा एक तुकडा सौम्य नायट्रिक आम्लात बुडवून त्यात पोटॅशियम आयोडाइड टाकलं. पिवळाधमक साका आला. लेड आयोडाइड. तो रंग बघितल्यापासून मी नायट्राइलचे हातमोजे घातल्याशिवाय बसत नाही. तोवर वीस-पंचवीस वर्षं मी उघड्या हातानं ही साफसफाई केली होती, एकदा तर पावसामुळे स्वयंपाकाच्या ओट्यावर. शिसं शरीरात गेलं की लवकर निघत नाही, हाडांत साठतं, आणि लहान मुलांच्या मेंदूला थोडंसंही घातक. आमच्या ओसरीवर लेकरं रांगतात, पडलेला दाणा उचलून तोंडात घालतात.

तेव्हा आता असं करते. ओसरीच्या उघड्या बाजूला, वारा पाठीमागून, खाली जुन्या वर्तमानपत्राचे तीन थर. त्या वेळेत खाणं नाही, पाणी नाही, तंबाखू खाणाऱ्यांनी तर हात तोंडाकडे नेऊच नये. चष्मा असतो, तो राहू देते, कारण ब्रश नळीतून बाहेर पडताना तारा उसळतात आणि मळ सोडवणाऱ्या सॉल्व्हंटचे थेंब उडतात. काम झालं की वर्तमानपत्र आतल्या बाजूला घडी करून चिंध्यांसकट पिशवीत बंद. चुलीत नाही. चुलीत टाकलं तर शिशाचा धूर स्वयंपाकघरात. हात गार पाण्यानं आणि साबणानं, दोनदा. अंगावरचा गाऊन वेगळा धुवायचा. आईला पहिल्यांदा हे सगळं सोवळ्यासारखं वाटलं. मी तिला तो पिवळा साका आणून दाखवू शकत नव्हते, पण सांगितल्यावर तिनं लेकरांना आत बोलवायचं काम स्वतःकडे घेतलं.

याच शिशावरून एक जालीम उपाय फिरत असतो. पांढरं व्हिनेगर आणि हायड्रोजन पेरॉक्साइड समप्रमाणात मिसळून नळी त्यात बुडवायची, शिसं बघता बघता विरघळतं. विरघळतं हे खरं आहे. पण विरघळून होतं काय? लेड ॲसिटेट. पाण्यात विरघळणारं, चवीला गोड, जुन्या पुस्तकांत ज्याला शिशाची साखर म्हणत ते विष. धातूचं शिसं हातमोज्यावरून पुसून टाकता येतं, हे द्रावण सांडलं तर जमिनीत, पाण्यात, कातडीतून आत. आणि जास्त वेळ राहिलं तर पोलादालाही खातं. माझ्या प्रयोगशाळेत मुलांनी ते सिंकमध्ये ओतलं तर मी रागावेन. घरात कुणी करू नये.

शिसं काढायचा शांत मार्ग आहे. ते बहुतेक नळीच्या मागच्या गळ्यात, जिथं गोळी सिलिंडरमधून उडी मारून नळीत शिरते तिथं, आणि पहिल्या इंचभर आट्यांत चिकटतं. त्यासाठी शुद्ध तांब्याच्या घासणीचे चार धागे कापून जुन्या ब्रशभोवती गुंडाळते, थोडं तेल लावते आणि हातानं फिरवते. तांबं पोलादाहून मऊ आणि शिशाहून कठीण, म्हणून शिसं खरवडतं आणि आटे वाचतात. पण भांड्याच्या दुकानात तांब्याची म्हणून मिळणारी प्रत्येक घासणी तांब्याची नसते. वरून मुलामा, आत लोखंडी तार. लोहचुंबक घेऊन जा. चिकटली तर घेऊ नका. परभणीच्या बाजारात मी पाच घासण्या तपासल्या, त्यात दोनच खऱ्या निघाल्या.

काजळीला मात्र सॉल्व्हंट लागतं. बंदुकांसाठीच बनवलेलं, परवानाधारक शस्त्रविक्रेत्याकडून आणलेलं. चिंधीवर घेऊन नळीत लावायचं आणि दहा-पंधरा मिनिटं त्याला त्याचं काम करू द्यायचं. मग नळीच्याच मापाचा कांस्याचा ब्रश. ब्रश एकदा आत गेला की दुसऱ्या बाजूनं पूर्ण बाहेर पडेपर्यंत उलटा ओढायचा नाही. मधेच दिशा बदलली तर तारा मुडपतात, ब्रश अडकतो. सहा-सात फेऱ्या पुरे. मग कोरड्या चिंध्या. एवढंच. तांब्याच्या कवचाच्या गोळ्यांमुळे नळीत तांबं धरतं, त्याची निळसर हिरवी छटा चिंधीवर दिसते. त्यासाठी अमोनियावालं सॉल्व्हंट असतं. बाटलीवर लिहिलेल्या वेळेपेक्षा जास्त ठेवू नये आणि निकेलचा मुलामा असलेल्या हत्यारावर वापरू नये, कारण मुलाम्याखाली बऱ्याचदा तांब्याचा थर असतो.

रॉकेलनं काजळी सुटते, जुने लोक तेच वापरत. मी वापरत नाही, वास आणि आगीची भीती नको. पेट्रोल तर अजिबात नाही. आपल्याकडं एप्रिल-मेमध्ये पारा त्रेचाळीसवर जातो, पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड, जमिनीवरून सरकत चुलीपर्यंत, स्विचपर्यंत जाते आणि तिथून ज्योत उलटी आपल्याकडे येते. हार्डवेअरच्या दुकानात मिळणारा डब्ल्यूडी-४० चा फवारा वाईट नाही, पाणी हटवायलाच तो १९५३ मध्ये तयार झाला. पण महिनोन्महिने गंजापासून राखायला त्याचा पातळ थर पुरत नाही.

तेलाचा विषय आमच्या भागात वेगळा सांगावा लागतो. परभणी म्हणजे करडईचा मुलूख. कृषी विद्यापीठाच्या परभणी कुसुम वाणाची करडई आमच्याही रानात असते, घाण्याचं तेल घरात भरलेलं असतं. कुणाच्याही हाताला पहिलं तेच लागतं. पण करडईचं तेल वाळणारं तेल आहे. जवसाचंही. हवेतला ऑक्सिजन घेऊन ते घट्ट होतं, चिकट पापुद्रा धरतं, म्हणून तर ती तेलं रंगांत घालतात. नळीत आणि खटक्याच्या सांध्यात तो पापुद्रा धूळ धरून ठेवतो. त्या तेलाचे बोळे ढीग करून ठेवले तर आपोआप तापून पेटूही शकतात. खोबरेल तेल थंडीत थिजतं, आणि परभणीची थंडी ज्यांनी अनुभवली आहे त्यांना डिसेंबरातली खोबरेलची बाटली आठवेल. खनिज तेलच हवं. बंदुकीचं मिळालं तर उत्तम, नाहीतर शिलाई मशीनचं चांगलं तेल. चिंधीवर दोन थेंब, त्याहून जास्त नको.

त्या जूनमधला गंज शेवटी असा गेला. मीठ धुतलं, सुकवलं, तेल भरपूर लावून नळी रात्रभर ठेवली. सकाळी कांस्याचा ब्रश, चिंधी, पुन्हा तेल. तीन दिवस हेच. लाली गेली. दोन बारीक खड्डे राहिले, मागच्या बाजूला. ते काढायच्या मागे मी लागले नाही. खड्डा म्हणजे पोलाद गेलेली जागा, ती सपाट करायची तर बाजूचं चांगलं पोलाद कापावं लागेल. परवानाधारक कारागिराला दाखवलं, त्यानं नळी पारखली आणि असू द्या म्हणाला.

सगळ्यात मोठा धोका अजून सांगितला नाही, कारण त्याला रसायन लागत नाही. विसरलेली चिंधी. ब्रशवरून सुटून एक तुकडा नळीत राहिला आणि पुढं कधीतरी त्यामागून गोळी सुटली तर नळी फुगते किंवा फुटते, हात आणि डोळ्यांच्या इतक्या जवळ. गोळी झाडून अडकलेली चिंधी बाहेर काढू, असं म्हणणारी माणसं मी पाहिली आहेत. कधीही नाही. मी चिंध्या मोजून घेते. बारा घेतल्या तर वापरलेल्या आणि उरलेल्या मिळून बारा भरल्या पाहिजेत. ऑपरेशनच्या खोलीत नर्स बोळे मोजते तसं. चिंधी जुन्या सुती धोतराची, अण्णांच्याच. पॉलिस्टर मिसळलेली नको, ती शोषत नाही आणि धागे सोडते. शेवटी नळी आरपार बघते, पांढरा कागद पलीकडे धरून. आणि रेंजवर जायचं असेल त्या दिवशी आधी कोरडी चिंधी ओढून तेल काढून टाकते. नळीत तेल साचलेलं असताना गोळी झाडू नये, आणि काडतुसाला तर तेलाचा हात लावूच नये, टोपीत झिरपलं तर ते दगा देतं.

भाच्याला या सगळ्यातलं एकच सांगितलं. तो दहा मीटरच्या एअर पिस्तुलाचा सराव करतो. २०२४ च्या ऑगस्टमध्ये पॅरिसला कोल्हापूरच्या स्वप्निल कुसाळेला पदक मिळालं तेव्हापासून त्याला दुसरं काही सुचत नाही. त्याच्या साडेचार मिलिमीटरच्या नळीत ना दारू ना टोपी, तिथं कांस्याचा ब्रश आणि सॉल्व्हंट दोन्ही नकोत. नमद्याच्या, म्हणजे दाबलेल्या लोकरीच्या, गोळ्या मिळतात, त्या आतून ढकलायच्या, तेवढं पुरे.

ठेवण्याबद्दल. अण्णा चामड्याच्या म्यानात ठेवायचे. चामडं ओलावा धरतं आणि कमावताना वापरलेले क्षार त्यात राहतात, म्हणून मी म्यान वेगळं केलं. कपाटात सुती कापडावर, शेजारी सिलिका जेलची पुडी. निळी असते तोवर काम करते, गुलाबी झाली की थकली. तो निळा रंग कोबाल्ट क्लोराइडचा असतो आणि कोबाल्ट चांगलं नव्हे, म्हणून ती पुडी स्वयंपाकाच्या तव्यावर तापवू नये. मी हल्ली नारिंगी रंगाची आणते.

ऑक्टोबरमध्ये विधानसभेची आचारसंहिता लागली आणि जमा करण्याची नोटीस पुन्हा आली. या वेळी मी आठवडाभर आधी तयारीला बसले. पाणी, कोरड्या चिंध्या, सॉल्व्हंट, ब्रश, कोरड्या चिंध्या, तेल. बाहेरूनही बोटांचे ठसे पुसले, घामातही मीठ असतं. नळीच्या तोंडात बोळा घालावासा वाटला, ओलावा आत जाऊ नये म्हणून, पण घातला नाही. माझ्यानंतर कुणीतरी ते हातात घेणार होतं आणि त्या बोळ्याची त्याला कल्पना नसणार. कापडाच्या बाहेर कागदाची चिठ्ठी बांधली: आत तेल लावले आहे, वापरण्याआधी नळी कोरडी करून आरपार पाहावी. ठाण्यातल्या हवालदारांनी चिठ्ठी वाचली आणि पावतीवर तिची नोंदही केली.

डिसेंबरमध्ये परत मिळालं. थंडी पडली होती, ओसरीवर कोवळं ऊन होतं. सहा घरं पाहिली, चाचपली. फुलथ्रू मागून टाकला आणि सरळ ओढला. चिंधी बाहेर आली ती पांढरी, मधोमध तेलाचा फिकट पिवळा डाग. मी ती आईला नेऊन दाखवली.